नरकाची चतुःसीमा

नरकाची चतुःसीमा विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला कोणाचं शेत लागतं, उत्तरेला नाला आहे की गाडीवाट. विचारताना चेहऱ्यावर थट्टेची रेघसुद्धा नसायची. समोरचा शेतकरी आधी हसायचा, मग यांच्या तोंडाकडे बघून हसू आवरायचा आणि मग खरोखरच विचारात पडायचा.

आम्ही दोघं मोजणी खात्यात होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची कचेरी होती. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण कपाटातल्या निम्म्या कागदांवर अजून नागपूरच्या राज्याचेच शिक्के होते. मी देऊळगाव राजाचा, चोवीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला, आणि चार पुस्तकं वाचून देव, धर्म, पाप, पुण्य सगळं एका झटक्यात निकालात काढून बसलेला. ते मोताळ्याकडचे. वय पंचेचाळीस, पण डोक्यावर एक केस काळा नव्हता. धोतर, काळा कोट, उन्हाने विटलेली टोपी. कोटाच्या दोन खिशांत दोन वह्या. एक सरकारी मोजणीची आणि दुसरी नरकाची. कचेरीत पाठीमागे सगळे त्यांना 'नरकवाले' म्हणायचे. एकदा शिपायाच्या तोंडून ते समोरच निसटलं. त्याची पाचावर धारण बसली. हे शांतपणे म्हणाले, "हाव बे, सांग, काय काम आहे?"

मला मात्र त्यांचा राग यायचा. त्याचं कारण सकाळी सुरू व्हायचं. कचेरीच्या ओसरीवर फरशीत दोन पितळी खिळे ठोकलेले होते. त्या दोन खिळ्यांमधलं अंतर म्हणजे एक साखळी. मोजणीची साखळी शंभर कड्यांची असते. शेता-शेतांतून ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात आणि ती हळूहळू लांब होते, म्हणून गावाला निघण्याआधी ती खिळ्यांवर ताणून तपासायची असा नियम होता. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि पाळणारे हे एकटे होते. गुडघे टेकून, एकेक कडी सरळ करत, पहिल्या खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचे. मध्ये कोणी बोललं की परत पहिल्या खिळ्यापासून. मी मुद्दाम बोलायचो. एका सकाळी त्यांना चार वेळा मागे पाठवलं आणि आमची मेहकरची बस चुकली. तेव्हाही रागावले नाहीत. "देऊळगाववाले," म्हणाले, "बस दुपारी पण आहे."

शेतात शिरताना ते चपला काढून हातात घ्यायचे. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर त्यांनी पाय दिलेला मी कधी पाहिला नाही. उडी मारून पलीकडे जायचे. धोतर सावरत उडी मारणारा तो पांढऱ्या केसांचा माणूस बघून बायाबापड्या तोंडाला पदर लावायच्या.

वऱ्हाडात धुऱ्याचं भांडण म्हणजे पिढ्यांचं काम. दर पेरणीला शेजाऱ्याच्या धुऱ्याची एक तास, म्हणजे नांगराच्या एका सरीची माती आपल्याकडे ओढायची. याला धुरा कोरणं म्हणतात. दहा वर्षांत दहा तास होतात, मग अर्ज, मग मोजणी. धुरा कोरणारा नरकात जातो असं त्या भागात लहान मूलही सांगेल, आणि कोरायचं कोणी थांबत नाही. तर अशा वेळी हे दोन्ही पक्षांना निंबाखाली बसवायचे, साखळी पोत्यातून काढायच्या आधी नरकाची वही काढायचे आणि विचारायचे, "नरक आहे का नाही? तुमी सांगा पह्यले. मंग तुमी."

उत्तरं वहीत उतरवली जायची. एका म्हाताऱ्या पाटलांनी छातीठोकपणे सांगितलं, "हाव, आहे. तेलाची कढई आहे."

"केवढी?"

"लग्नातल्या बुंदीच्या कढईएवढी असंन."

"मंग अख्ख्या तालुक्यातले लोक मावतीन कसे?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "पाळीपाळीनं टाकत असतीन." यांनी लिहून घेतलं, 'पाळी लावतात.'

मोताळ्याच्या बाजारात वांगी विकणाऱ्या एका बाईचं म्हणणं होतं की नरक म्हणजे सासूबरोबर एका गाडीत बसून बाजाराला येणं आणि माल न खपता तिच्याचबरोबर परत जाणं. एका गुराख्याने सांगितलं, तिथे धुरेच नाहीत, सगळं एकच शेत आहे, म्हणून रोज डोकी फुटतात. हे उत्तर त्यांना फार आवडलं होतं. मला ते तीनदा वाचून दाखवलं.

गंमत अशी की पुष्कळदा मोजायची पाळीच यायची नाही. नरकाचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण जमिनीकडे बघायला लागायचा. मग खाकरून म्हणायचा, "सायब, मोजू नका. मी चार तास कोरले त्याचे. देऊन टाकतो." मला वाटायचं, काय बेरकी माणूस आहे, भीती घालून काम काढतो. एकदा मी तसं तोंडावर बोललोही. तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, "मी कोणाले भेव नाही घालत. मले पता पायजे."

तो पत्ता त्यांना किती हवा होता, ते मला एका प्रवचनात कळलं. गावच्या देवळात एक महाराज मुक्कामाला आले होते. संध्याकाळी देऊळ भरलेलं. महाराजांनी नरकांची नावं घेतली, कोणत्या पापाला कुठे टाकतात ते सांगितलं, वैतरणी नदी किती योजनं रुंद आहे ते सांगितलं. बायका हळहळत होत्या. तेवढ्यात खांबाजवळून आमचे साहेब उठले, हात जोडले.

"महाराज, योजन म्हणजे किती साखळ्या?"

लोक फसकन हसले. महाराजांनी दुर्लक्ष केलं. हे उभेच.

"आन् महाराज, मोजलं कोणं? कोणी जाऊन आलं का?"

महाराज भडकले. आवाज चढवून म्हणाले, "तुला ते तिथे गेल्यावरच कळेल!"

"त्याच्याचसाठी तं इचारून राह्यलो," हे म्हणाले आणि खाली बसले. देवळात हशा पिकला. मीही पोट धरून हसलो. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मांडीवर वही उघडून ते महाराजांचं उत्तर उतरवून घेत होते. माझं हसू तिथेच आटलं.

आमच्या तालुक्यात एक गाव असं होतं की तिथला अर्ज आला की तो त्यांच्या टेबलावरून माझ्या टेबलावर यायचा. कधी ताप, कधी पाठदुखी. मी दोनदा जाऊन आलो. तिसऱ्या वेळी मोठ्या साहेबांनी हुकूमच काढला. दोन भावांची वाटणी होती, मोठं शेत होतं, आम्हा दोघांनाही जायचं होतं. त्या सकाळी त्यांनी साखळी खिळ्यांवर तीनदा तपासली. मी मध्ये बोललो नाही.

फाट्यावर बस सोडून आम्ही बैलगाडीने निघालो. अर्ध्या वाटेवर, मी काही विचारलं नसताना, ते बोलायला लागले. चौदा वर्षांपूर्वी हेच शेत त्यांनी मोजलं होतं. या दोन भावांचा बाप तेव्हा जिवंत होता, मोजणीचा अर्ज त्याचाच होता. पूर्वेला एका विधवा बाईचं शेत होतं. बापाच्या शेताची रुंदी पंधरा साखळ्या. पश्चिमेच्या जुन्या दगडापासून पंधरा साखळ्या टाकायच्या आणि जिथे येईल तिथे धुरा पक्का करायचा. त्या दिवशी निघायची घाई होती म्हणून साखळी खिळ्यांवर लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लावली, तर साखळी चार बोटं लांब निघाली.

"चार बोटं म्हणजे काई नाही," ते म्हणाले. "पण पंधरा साखळ्यांचे किती? साठ बोटं. चोवीस बोटांचा एक हात. अडीच हात. अडीच हात त्या बाईचे त्याच्या शेतात गेले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मोठ्या सायबाले सांगतलं. ते म्हणे, कागद वर गेला, आता गप बस. माही नोकरी कच्ची होती. तीन महिन्यांनं पक्की व्हायची होती." त्यांनी साखळीचं पोतं पायाजवळ ओढून घेतलं. "साखळी चुकली ते ठीक आहे, देऊळगाववाले. लोखंड आहे, लंबं होते. गप बसलो, ते माहं."

मी चोवीस वर्षांचा शहाणा. म्हटलं, "साहेब, नरक-बिरक काही नसतो. लोकांनी उठवलेलं आहे. तुम्ही उगीच जिवाला लावून घेता."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तुमाले काय काम त्याचं," ते म्हणाले.

शेतावर दोघे भाऊ, कोतवाल आणि गावचे पाच-सात जण जमले होते. पूर्वेच्या शेतात आपल्या धुऱ्यालगत एक म्हातारी अंबाडीची भाजी खुडत बसली होती. कोणी तरी म्हणालं, बुढी सकाळपासून बसली आहे, मोजणी आली की येऊन बसतेच. यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्या दिवशी निंबाखाली बैठक झाली नाही. नरकाची वही खिशातच राहिली. साखळीची पुढची मूठ त्यांनी कोतवालाला धरू दिली नाही, मला दिली, मागची स्वतः धरली.

पश्चिमेच्या दगडापासून आम्ही निघालो. एक साखळी झाली की खुणेची एक सळई. प्रत्येक साखळीला ते वाकून ताण बघत होते. बारा, तेरा, चौदा. पंधराव्या साखळीची सळई मी जमिनीत खोचली आणि मान वर केली. धुरा अजून पुढे होता. त्यांनी हाताने मोजलं. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, दुसरा हात, आणि अर्धा. मोजून झाल्यावर हात तसाच मातीवर राहिला.

मग उठले. चपला माझ्याजवळ ठेवलेल्या होत्या, पाय अनवाणी. धुऱ्याशी जाऊन, उडी न मारता, अलीकडेच थांबले आणि हात जोडले.

"माय, मले वळखलं का?"

"नाही बाप्पा. कोन गावचे?"

"चवदा वर्सांमांगं हे शेत मीच मोजलं होतं."

म्हातारीचा भाजी खुडणारा हात थांबला.

"साखळी लंबी होती. तुमचे अडीच हात यायच्यात गेले. मले दुसऱ्या दिवशी सकायी समजलं."

"दुसऱ्या दिवशी?"

"हाव."

"मंग आले काऊन नाही?"

"भेलो, माय. नोकरी कच्ची होती."

तिने हातातली भाजी टोपलीत टाकली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. दिवस आठवून आठवून सांगितल्यासारखी म्हणाली, "सोमवारी मोजनी झाली. मंगळवारी तुमाले समजलं. बुधवारी यायच्या बापानं नांगर घातला. मंगळवारी आले असते तं माही पोरगी राह्यली असती."

आम्हाला कळेना. तिनेच सांगितलं. आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली होती. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून नवऱ्याने आपल्याच धुऱ्यावर बोरीच्या झाडाखाली पुरलं. पुढे नवराही गेला. ती रोज काम झालं की बोरीखाली बसायची. मोजणीत धुरा सरकला, बोर पलीकडे गेली. मंगळवारी तिने शेजाऱ्याला सांगितलं की बाबा, तेवढी जागा सोड, तर तो म्हणाला, सरकारने मोजून दिलं आहे. बुधवारी त्याने बोर मुळासकट काढली आणि तिथून नांगर फिरवला.

दोघा भावांतला धाकटा पुटपुटला, "चवदा वर्सं आमी नांगर वाहून राह्यलो तिथं?" थोरल्याने त्याला दंडाला धरून गप्प केलं.

हे तिथेच मातीत बसले. चौदा वर्षं त्यांनी अडीच हात जमिनीचा हिशेब उराशी धरला होता, आणि त्या अडीच हातांत काय होतं ते त्यांना आज कळत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. ओसरीवर त्यांना चार वेळा पहिल्या खिळ्यावर परत पाठवणारा मी, मला माझी लाज वाटली. शेवटी ते म्हणाले, "माय, काई तरी बोला मले. शिव्या द्या."

"काय बोलू? चवदा वर्सं रोज बोलली. सकायी उठली का म्हनायची, देवा, ज्यानं हे मोजलं त्याले नरकात टाक. एक दिवस खाडा नाही केला." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, खोल गेलेले डोळे, मातीवर टेकलेले हात. पाहता पाहता तिचा चेहरा सैल झाला. "तुमी तं कवाचे पोहोचलेले दिसता," ती म्हणाली. "आता या बाहेर, बाप्पा. आन् धुऱ्याचा दगड जागेवर बसवा पह्यले."

दगड बसवायचं काम कोतवालाचं. त्या दिवशी खड्डा त्यांनी स्वतः खणला, दगड उभा केला, माती हाताने दाबली. थोरला भाऊ न सांगता मदतीला आला. दगड बसल्यावर म्हातारी उठली, जुना धुरा ओलांडून त्या अडीच हातांच्या पट्टीत आली आणि भाजीची टोपली मांडीवर घेऊन तिथे बसली. एका जागी हात ठेवून बसली. जागा बरोबर होती की नाही कोणाला माहीत. बोरीचं तिथे काही उरलेलं नव्हतं. मी टोपी पुढे ओढून रडून घेतलं.

कचेरीत येऊन त्यांनी अहवाल लिहिला. त्यात चौदा वर्षांपूर्वीची चूक, दुसऱ्या दिवशी कळल्याचं, गप्प बसल्याचं, सगळं आलं. मोठ्या साहेबांनी तो कागद तीन दिवस अडवून धरला. "अहो, कोणी विचारलंय का तुम्हाला? दुरुस्ती लिहा नि मोकळे व्हा," असं त्यांना मी ऐकत असताना समजावलं. हे ऐकेनात. कागद वर गेला. वरून काय आलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव मात्र नव्हतं.

माझी गोष्टही इथेच सांगून टाकतो. त्या आधीच्या महिन्यात मी दोन शेतं साखळी न तपासता मोजली होती. कोणाला न सांगता रविवारी जाऊन ती पुन्हा मोजली. दोन्ही बरोबर निघाली. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. पण पुढे सगळ्या नोकरीत मी खिळ्यांवर गुडघे टेकल्याशिवाय गावाला निघालो नाही, आणि मध्ये कोणी बोललं की परत पहिल्या खिळ्यापासून सुरू केलं.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी आम्ही दुसऱ्या एका गावी गेलो होतो. दोन चुलतभावांचं भांडण होतं. यांची कीर्ती तिथवर पोचलेली. निंबाखाली सतरंजी अंथरलेली, गाव जमलेलं. भावांच्या म्हाताऱ्या काकांनी तर नरकाबद्दलचं उत्तर पाठ करून ठेवलं असावं, इतके ते पुढे पुढे येत होते. हे सतरंजीकडे न वळता सरळ शेतात शिरले आणि पोत्यातून साखळी काढून कड्यांच्या गाठी सोडवायला लागले.

काका मागोमाग आले. "सायब, ते नरकाचं इचारनार नाही का?"

"नाही. सापडला."

"आँ? सापडला?" काकांनी मागे वळून लोकांना जवळ बोलावलं. "मंग सांगा ना बाप्पा, केवढा आहे?"

"अडीच हात," ते म्हणाले, आणि मला पुढची मूठ उचलायला सांगितलं.